तांत्रिक नवोपक्रम आणि कार्बन उत्सर्जन

प्रस्तावना

नवे तंत्रज्ञान आले की प्रदूषण घटते, असे आपण सहज गृहीत धरतो. भारतासारख्या उदयोन्मुख अर्थव्यवस्थेत मात्र उत्पादन, उत्पन्न आणि विजेची मागणी एकाच वेळी वाढत असते. म्हणून दर नगामागील उत्सर्जन आणि एकूण उत्सर्जन यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो.

विषय विवेचन

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत एक लहान कारखाना आहे, असे समजा. त्यातील ५ अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे ३.७ युनिट, म्हणजे ६ तासांत सुमारे २२ युनिट वीज घेते. एकलहरे येथील औष्णिक केंद्रात होते त्याप्रमाणे ही वीज कोळशापासून तयार झाली असेल, तर दर युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आता तेच काम तासाला २.८ युनिटमध्ये करणारी मोटार बसवली, तर ६ तासांना सुमारे १७ युनिट पुरतात. परंतु खर्च घटला, मागणी वाढली आणि मोटार ८ तास चालू लागली, तर खप पुन्हा २२ युनिटांवर येतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाच्या वापराबाबत याच प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते. तथापि, वाढलेले २ तास म्हणजे कोणाची तरी रोजी आहे, हेही विसरता येणार नाही.

यावरचा मार्ग म्हणजे विजेचा स्रोत बदलणारे तंत्रज्ञान. महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेद्वारे शेतीच्या वाहिन्यांना सौरऊर्जा पुरवण्याचा प्रयत्न सुरू आहे. त्यामुळे कोळसा वाचतो आणि शेतकऱ्याला रात्रीऐवजी दिवसा पाणी देता येते. मात्र ऊन फुकट असले तरी भूजल अमर्याद नसते. उपशावर नियंत्रण नसेल, तर एक प्रश्न सुटून दुसरा उभा राहतो.

सारांश

सकल उत्पादनाच्या दर एककामागील उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट भारताने जाहीर केले. ते साध्य झाले, तरी एकूण उत्सर्जन वाढू शकते. कार्यक्षमता, स्वच्छ स्रोत आणि योग्य धोरण यांची सांगड घातली, तरच विकास आणि पर्यावरण दोन्ही साधता येतील.

स्वाध्याय

आपल्या घरी कमी वीज घेणारी उपकरणे आल्यानंतर वीजबिलातील एकूण युनिट घटले की वाढले, ते पाहा आणि कारणे लिहा.