उसवलेल्या शिवणीतून

बावीस वर्षांपूर्वी आमच्या दारात आलेल्या भांडेवालीच्या गाठोड्यात ते कापड मी पहिल्यांदा पाहिलं. जुने शर्ट, विटलेल्या साड्या, एक फाटका रेनकोट, आणि त्यांच्या खाली दबलेला वीतभर चौकोन. कोपऱ्यांना कवड्या, कवड्यांखाली लाल लोकरीचे गोंडे. भांडेवाली कपडे घेऊन स्टीलचे डबे देते, कपडे विकत नाही. त्यामुळे मी किंमत विचारल्यावर ती गोंधळली. शेवटी दोन पँटी आणि आईचं एक पातळ देऊन मी तो चौकोन ठेवून घेतला. कापडाला कापड, असा सौदा झाला.

ते काय आहे हे कळायला मला चार वर्षं लागली. बंजारा बायका डोक्यावर घागर घेताना जी चुंबळ ठेवत, ती इंढोणी. तिला मागच्या बाजूला लटकणारा, मानेवर रुळणारा भरतकामाचा चौकोन म्हणजे गळणो. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव, आर्णी हा पट्टा तांड्यांचा आहे. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), टुकरी (ओढणी) हे शब्द इथल्या बिगरबंजारा घरांतही माहीत असतात, बलियांनी भरलेले हात बाजारात बघतच आम्ही मोठे झालो. पण गळणो बघायला बाईच्या पाठीमागून चालावं लागतं. ती पाण्याला निघाली की तिच्या मागून येणाऱ्यांसाठीच तो भरलेला असायचा.

मी रोज ते हातात घ्यायची. वरचं काम मोजून भरलेलं आहे. ताण्याबाण्याचे धागे मोजून घातलेले फुलीटाके, इतके दाट की खालचं कापड दिसत नाही. नुसता बोटांना कळतो तो त्याचा जडपणा. मधे चौकोनात चौकोन, त्यात एक तिरकी चौकट. रंग चारच: कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा, काळसर निळा आणि थोडा पांढरा. पांढरा फक्त एका बाजूला जास्त आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत तिचा पांढरा दोरा संपला असावा आणि तिने पिवळ्याने भागवलं असावं. ही माझी समजूत आहे, पण ज्याने कधी हाताने काही भरलंय त्याला ती पटेल.

मग एका पावसाळ्यात खालच्या कडेची शिवण उसवली, आणि मला आत बघता आलं.

आत चार थर निघाले. सगळ्यात वर भरतकामाखाली जाडंभरडं हातमागाचं कापड. त्याखाली धोतराचा तुकडा, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. त्याखाली छापील चिटाचे दोन तुकडे एकमेकांना जोडलेले, एकावर बारीक बुट्टी, दुसऱ्यावर वेल. आणि सगळ्यात आत, अस्तराला चिकटून, पांढऱ्या गिरणीच्या कापडाचा पट्टा. त्यावर निळ्या शाईच्या शिक्क्याची अर्धी गोलाई उरलेली, अक्षरं वाचता येत नाहीत. या चारही थरांतून आरपार धावदोरा घातलेला, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतराने. ओळी सरळ नाहीत, पण एकही टाका सुटलेला नाही. सहा बोटं शिवण मी भिंगाखाली बघितली आणि तीन ठिकाणी दोरा बदललेला दिसला. तिथे गाठ मारलेली नव्हती, जुन्या दोऱ्याच्या शेपटावर नवा दोरा चढवून पुढे गेलेली होती. गाठ मारली असती तर ती मानेला टोचली असती.

आमच्या घरातली वाकळ अशीच. आजी तिला वाकय म्हणायची. लुगड्याचे पदर वर, धोतरं आत, बाजूला काठांच्या पट्ट्या, आणि काठातूनच उपसलेला दोरा. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी शिवताना काठापासून आत शिवत येतात आणि चार कोपऱ्यांना छोटे त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना त्या फुला म्हणतात, फुला नसल्या तर कवंदी उघडी समजायची. जपानातल्या शेतकरी-कोळ्यांच्या बोरोतही हाच हिशेब आहे: निळ्या चिंध्यांवर चिंध्या. जिथे कापड महाग आणि वेळ हातातला, तिथे असं शिवलं गेलं. पण आमच्या वाकळेत आणि माझ्या गळण्यात एक फरक आहे. वाकळ आपण आत झोपायला शिवतो. गळण्याच्या आत चिंध्या आहेत आणि वर महिनोन्‌महिने मोजून भरलेलं काम. जुन्याचा सांगाडा, त्यावर नव्या हौसेची कातडी. हे जेव्हा लक्षात आलं, तेव्हा मी कागदपत्रं शोधायला लागले.

यवतमाळ जिल्ह्याच्या कागदपत्रांत शिरलं की लवकरच एका पोलीस अधिकाऱ्याशी गाठ पडते. त्याचं नाव कंबरलेज. तो वऱ्हाड पोलिसांत होता आणि त्याने बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिलं. पहिल्यांदा 1869 च्या सुमारास लिहिलं असं मानतात, 1882 मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, यवतमाळ हे नाव 1905 च्या फेररचनेत आलं. पुढे आर. व्ही. रसेलने राय बहादुर हिरालालांच्या मदतीने 1916 मध्ये मध्य प्रांताच्या जातीजमातींवर चार खंड छापले. त्यातलं बंजाऱ्यांचं प्रकरण मुख्यतः कंबरलेजच्या टिपणावर उभं आहे, आणि यवतमाळ आणि निमाडमध्ये गोळा केलेली माहितीही त्यात मिसळली आहे, असं रसेल स्वतःच सांगतो. म्हणजे बंजाऱ्यांविषयी इंग्रजीत जे शंभर वर्षं उद्धृत होत राहिलं, त्याचा मोठा भाग आमच्या वऱ्हाडातल्या एका पोलिसाच्या लेखणीतून आलेला आहे.

कंबरलेज माणूस वाईट नव्हता, असं मला त्याचं लिखाण वाचून वाटतं. त्याने ऐकून घेतलं. चारण बंजारे दक्षिणेत कसे आले याची त्याने नोंदवलेली हकिकत फार विलक्षण आहे. शहाजहानच्या दक्षिणेतल्या मोहिमेत, 1630 च्या सुमारास, वजीर असफखानाच्या फौजेला रसद पुरवायला भंगी आणि जंगी हे दोन नाईक 1 लाख 80 हजार बैल घेऊन आले, आणि भगवानदास नाईक 52 हजार. आकडा आख्यायिकेत फुगला असेल. निम्मा धरला तरी बैलांची रांग किती कोस लांब झाली असती याचा विचार करा. फौजेची अडचण होऊ नये म्हणून त्यांना पाणी, गवत यांबाबत काही सवलती तांब्याच्या पत्र्यावर सोन्याच्या अक्षरांत लिहून दिल्या गेल्या, अशीही परंपरा तो सांगतो.

कपड्यांकडे आलो की मात्र या सगळ्या लेखकांची नजर बदलते. रसेलच्या प्रकरणात बायकांच्या वेषाला पुष्कळ जागा आहे. डोक्यावर उभी बसवलेली लाकडी काडी, तिच्यावरून घेतलेली ओढणी, आणि नवरा गेल्यावर ती काडी काढून ठेवायची रीत. पितळेचे, हाडाचे आणि हस्तिदंती दागिने. या यादीबद्दल मला कृतज्ञता आहे, कारण त्यातलं पुष्कळसं आज उरलेलं नाही. पण ही यादी बाहेर उभं राहून केलेली आहे. काय घातलं ते त्यांनी लिहिलं, कसं शिवलं ते विचारलं नाही. 1882 मध्येच मेजर गंथॉर्पचं मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या गुन्हेगार म्हटल्या जाणाऱ्या जमातींवरचं पुस्तक आलं आणि त्यातही बंजारे होतेच. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा तेव्हा आलेला होता. ज्या बाईचा पोशाख तुम्ही ओळख पटवण्यासाठी बघता, तिचा टाका तुम्हाला दिसणार कसा? तो कायदा 1952 च्या 31 ऑगस्टला गेला, पण संशयाची ती सवय आमच्या गावांतून अजून पुरती गेलेली नाही. तांड्यावरून बाई बाजारात आली की दुकानदाराची नजर तिच्या हाताकडे जाते, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मान खाली घातली आहे.

माझं भांडण या लेखकांशी इथेच आहे, कारण त्यांच्याच माहितीत उत्तर पडलेलं आहे. एवढे बैल म्हणजे तेवढ्या गोण्या. मीठ, धान्य भरलेली गोणी बैलाच्या दोन्ही बाजूंना लोंबते, दिवसभर घासली जाते, नदीनाले ओलांडताना भिजते, रोज संध्याकाळी उतरवली जाते आणि रोज पहाटे चढवली जाते. तिची शिवण वाटेत उसवली तर मीठ रस्त्यावर आणि नफा मातीत. माझा तर्क असा, की बंजारा भरतकामाची घट्ट, थरांमधून आरपार जाणारी शिवण या गोणीतून आलेली आहे. बैलांच्या झुली, कोथळ्या, झोळ्या, चुंबळीमागचं गळणो, आणि मग कांचळी. बंजाऱ्यांना लमाणही म्हणतात, आणि तो शब्द लवणाशी, म्हणजे मिठाशी जोडतात. ते खरं असो वा नसो, मीठ वाहणाऱ्या शिवणीला ढिलाई परवडत नव्हती एवढं नक्की. ज्याला आपण आज कशिदा म्हणतो, ते एका व्यापाराचं पायाभूत तंत्र होतं आणि ते बायकांच्या हातात होतं.

मग आगगाडी आली. 1867 मध्ये ती नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला आधीच भाव आणला होता. कापूस इथून मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला आणि गिरणीचं कापड शिक्के मारून परत येऊ लागलं. माझ्या गळण्याच्या पोटातली ती अर्धी निळी गोलाई याच वाटेने, नाहीतर नंतरच्या एखाद्या देशी गिरणीतून आली असेल. बैल थांबले, तांडे गावांजवळ स्थिरावले, लोक शेती आणि मजुरीकडे वळले. पुसद तालुक्यातलं गहुली त्यातलंच, जिथले वसंतराव नाईक 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

कवडीचंही जुनं काम असंच गेलं. मालदीवच्या समुद्रातून आलेली कवडी देशात शतकानुशतकं सुटं नाणं म्हणून चालली. चलनातून ती गेली तरी आपल्या भाषेत कवडीमोल, फुटकी कवडी असं अपमानाचं माप होऊन राहिली. तांड्यात तिची किंमत उतरली नाही. ती कापडावर गेली. माझ्या गळण्याला सतरा कवड्या आहेत, त्यांतल्या दोन घासून इतक्या गुळगुळीत झाल्यात की त्या या कापडाच्या आधी दुसऱ्या कापडावर नक्की होत्या. फाटलेल्या कपड्यावरच्या कवड्या, आरसे, नाणी उसवून नव्यावर चढवायची ही तिथली रीतच आहे. कपडा मरतो, कवड्या सुनेकडे जातात.

आता जुन्या बंजारा कपड्यांना बाजार आला आहे. मोठ्या शहरांत फेटियाचा घेर कापून उशांचे अभ्रे होतात, कांचळीची बाही पर्सच्या झाकणाला लागते. असं करणाऱ्यांना मी दोष देत नाही, कापड वाया न घालवण्याचीच त्यांची भावना असते, आणि तांड्यावर विकणाऱ्या बाईला त्या दिवशी पैशाची गरज असते. तरी मला ते बघवत नाही. कापताना पहिला वार शिवणीवर होतो आणि शिवण हेच या कामाचं शास्त्र आहे. भरतकाम तेवढं घेऊन आतले चिंध्यांचे थर फेकून देतात. शार्लट क्वॉन आणि टिम मॅकलॉफलिन यांनी 2016 मध्ये बंजारा वस्त्रांवर मोठं सचित्र पुस्तक काढलं. त्यातली पानं उलटताना आनंद झाला तसं वाईटही वाटलं, की एवढं मन लावून बघणारे कॅनडाहून यावे लागले. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 च्या जुलैत हंपीला जी-20 च्या बैठकीत साडेचारशेहून जास्त बायकांच्या हातच्या 1755 वस्तू मांडून विक्रम झाला. शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत नंगारा भवनाचं उद्घाटन झालं. या सगळ्याचं मला अप्रूप आहे. पण संग्रहालयात कपडा काचेमागे, सुलट्या बाजूने मांडतात. एखादा तरी उलटा मांडावा, अस्तर उसवून, म्हणजे शाळकरी मुलींना टाका कुठून कुठे जातो ते दिसेल.

मागच्या उन्हाळ्यात मी माझा चौकोन घेऊन दिग्रसजवळच्या एका तांड्यावर गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या याडीने (याडी म्हणजे आई) तो हातात घेतला आणि आधी पालथा केला. भरलेल्या बाजूकडे तिने बघितलंच नाही. मी उसवलेली कड घरी लाल दोऱ्याने शिवून आणली होती. तिने माझ्या टाक्यांवरून नख फिरवलं.

“हे तूच शिवलं?”

“हो, याडी.”

“दोरा ओढून घेतला तू. कापड धरलं नाही.” तिने दाताने माझा पहिला टाका तोडला आणि उरलेले एकेक उपसून काढले. उपसलेला दोरा फेकला नाही, बोटाभोवती गुंडाळून कमरेला खोचला. मग आतला धोतराचा थर दोन बोटांनी सारखा करून मला दाखवलं: सुई घातली की आधी चारही थर अंगठ्याने दाबून धरायचे, मग दोरा जेवढा येतो तेवढाच येऊ द्यायचा. तिने पाच टाके घातले आणि थांबली.

“पाण्याले जाओ तवा हे मानेवर राहे,” ती म्हणाली. “घामानं भिजे. हा लाल दोरा रंग सोडते, माय. काळा आन.”

तिची पाच टाक्यांची शिवण तशीच ठेवून मी परतले. पुसदच्या बाजारातून काळ्या दोऱ्याची दोन रिळं घेतली आहेत, दिवाळी झाली की जायचं आहे.