पाटा दबतो म्हणजे नक्की काय होतं?

हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात गेलात तर पिकअपच्या मागच्या चाकांकडे वाकून बघा. रिकामी गाडी मागून उचललेली दिसते, क्रेट भरत गेले की हळूहळू खाली बसते. आपण म्हणतो, ‘पाटा दबला’. संशोधनाकडे वळायचं असेल तर या ‘दबला’ शब्दापाशी जरा थांबा, कारण पोलादाचा पाटा तसा दबत नाहीच. तो वाकतो. (गोल स्प्रिंगमधली तारसुद्धा दबत नाही, तिला पीळ बसतो. पण तो विषय वेगळा.)

पाट्याची दोन्ही टोकं चासीला अडकवलेली असतात आणि मध्यभाग यू-बोल्टने अॅक्सलला. चासी टोकांना खाली ढकलते, अॅक्सल मध्ये वर रेटतो. त्यामुळे कमान सपाट होत जाते. प्रत्येक पाट्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची बाजू आकुंचन पावते. थकव्याची चीर सुरू होते ती बहुतेकदा ताणलेल्या, म्हणजे वरच्या बाजूला, यू-बोल्टच्या कडेला किंवा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ. कारखान्यात बारीक गोळ्यांचा मारा करून पाट्याचा पृष्ठभाग कणखर करतात, तोही मुख्यतः याच बाजूला. शिवाय कमान सपाट झाली की टोकांमधलं अंतर वाढतं, म्हणून एका टोकाला झुलणारं शॅकल असतं. ते चिखलाने आणि गंजाने जाम झालं, तर पाट्याला लांब व्हायला जागाच उरत नाही.

आता आकडे. समजा सात पाटे आहेत, प्रत्येक ७० मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड, टोकापासून टोकापर्यंत १२०० मिलिमीटर. पुस्तकी सूत्राने याचा ताठपणा मिलिमीटरला साधारण ७७ न्यूटन येतो. वीस किलोचे ७० क्रेट म्हणजे १४०० किलो. सगळं वजन मागच्या दोन पाट्यांच्या जोडांवर आलं असं धरलं, तर पाटे सुमारे ९० मिलिमीटर वाकतील आणि ताण ३९५ मेगापास्कलच्या आसपास जाईल. हा फक्त मालाचा हिशोब, गाडीचं स्वतःचं वजन वेगळं.

माल जास्त भरायचा असला की गॅरेजमध्ये जाऊन एक पाटा वाढवला जातो. त्याच जाडीचा आठवा पाटा टाकला तर ताठपणा १४ टक्के वाढतो. सगळे पाटे ८ ऐवजी ९ मिलिमीटरचे घेतले तर मात्र ४२ टक्के वाढतो, कारण जाडीचा घन मोजावा लागतो. मग जाड पाटेच का वापरू नयेत? किंवा सातांऐवजी एकच जाडजूड पाटा का नाही?

इथे एक भेद समजून घ्या, तो तुम्हाला पुढे कुठल्याही प्रयोगात लागेल. पुणे-नाशिक रस्त्यावर भरलेली गाडी चालते तेव्हा भार ठरलेला असतो, आणि किती वाकायचं ते पाटा ठरवतो. डिंभे धरणाच्या पुढे आहुपेकडच्या वाड्यांच्या कच्च्या वाटेवर एक चाक दगडावर चढतं आणि दुसरं खड्ड्यात जातं, तेव्हा चित्र उलटं होतं. दगडाची उंची ठरलेली असते, ती पाट्याने कशीही करून सोसायची. ठरलेल्या वाकण्याला किती ताण येतो हे फक्त जाडी आणि लांबीवर अवलंबून असतं, पाट्यांच्या संख्येवर नाही. आपल्या उदाहरणात दर मिलिमीटरला साधारण ४.४ मेगापास्कल. सातांइतकाच ताठ एकच पाटा करायचा तर तो १५ मिलिमीटरहून जाड लागेल, आणि त्याच दगडावर त्याचा ताण जवळजवळ दुप्पट होईल. अनेक पातळ पाटे एकमेकांवर सरकू देण्यामागचं खरं कारण हे आहे.

प्रत्यक्ष रस्ता या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. माल भरून गाडी आधीच ९० मिलिमीटर वाकलेली आहे आणि त्यात दगडाने आणखी ६० घातले, तर वरचे २६५ मेगापास्कल मागच्या ३९५ मध्ये मिळतात. पातळ पाट्यांमध्ये एकच जाड पाटा घुसवला तर सगळे जवळपास सारखेच वाकतात आणि त्या जाड पाट्यावर सर्वात जास्त ताण येतो. ‘जाड टाकला तरी तोच तुटला’ ही तक्रार म्हणूनच अजिबात विचित्र नाही. आणि स्पष्टच सांगायचं तर, वाढवलेल्या पाट्याने ब्रेक, टायर किंवा अॅक्सलची ताकद तसूभरही वाढत नाही. भरलेली गाडी माळशेज घाट उतरताना मागून सरळ दिसते, एवढ्यावरून ती सुरक्षित आहे असं समजू नका.

वरच्या सूत्राने एक गोष्ट गाळली आहे ती म्हणजे पाट्यांमधलं घर्षण. भार चढवताना एक आलेख मिळतो, उतरवताना दुसरा. दोघांच्या मधलं क्षेत्रफळ म्हणजे घर्षणात गेलेली ऊर्जा. लहान हादऱ्यांना पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत, चिकटून राहतात, त्यामुळे गाडी हिशोबापेक्षा कडक लागते. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वजन केलेले क्रेट, एक मोजपट्टी आणि उभी गाडी पुरेशी आहे. पाच-पाच क्रेट चढवत प्रत्येक वेळी चासी आणि अॅक्सलमधलं अंतर लिहा, मग तसेच उतरवत लिहा. एकदा मे महिन्यात करा आणि एकदा भातलावणीनंतर, पाट्यांमध्ये गंज आणि चिखल शिरल्यावर.