बिल तिने दिलं, वहीत मांडून ठेवलं!

मैत्रिणींनो, प्रेमकथेतला नायक म्हणजे देखणा, पैसेवाला आणि मोटारीतून फिरणारा, असा आपला एक समज असतो. नायिकेनं नुसतं लाजायचं! पण पुण्यात खरोखर घडलेल्या एका प्रेमकथेत हॉटेलचं बिल नायिका द्यायची आणि ते वहीत मांडूनही ठेवायची.

ही नायिका म्हणजे हुबळीला शिकलेल्या सुधा कुलकर्णी. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ अशी अट वाचून त्यांना संताप आला. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं! मुलाखतीचं बोलावणं आलं आणि टेल्कोच्या कारखान्यात त्या पहिल्या स्त्री इंजिनियर झाल्या.

पुण्यात एका मित्राकडून वाचायला आणलेल्या पुस्तकांवर एकच नाव वारंवार दिसे, नारायण मूर्ती. पुढे ओळख झाली, मन जुळलं. पण मूर्तींचा खिसा रिकामा! ‘माझा वाटा तू भर, मी नंतर देईन,’ असं करता करता तीन वर्षांत वहीतला आकडा ४,००० रुपयांवर गेला. वडिलांनाही बिनभरवशाचा जावई नको होता. मूर्तींना मुंबईत चांगली नोकरी लागली, तेव्हा कुठे फेब्रुवारी १९७८ मध्ये लग्न झालं. खर्च ८०० रुपये, दोघांचा निम्मा निम्मा. लग्नानंतर सुधाताईंनी ती वही फाडून टाकली.

१९८१ साली मूर्तींनी स्वतःची कंपनी काढायचं मनात घेतलं. भांडवल? सुधाताईंनी घरखर्चातून गुपचूप १०,२५० रुपये साठवले होते. त्यांतले १०,००० नवऱ्याच्या हाती दिले, २५० मागे ठेवले. तीन वर्षं घर मी सांभाळते, असंही सांगितलं. मूर्ती आणि सहा भागीदारांची ‘इन्फोसिस’ पुण्यात सुरू झाली. सुधाताईंनी नोकरी केली, शिवाय कंपनीचा स्वयंपाक, कारकुनी आणि प्रोग्रॅमिंगही!

एवढं करून कंपनीत जागा मात्र मिळाली नाही. नवराबायको दोघं एका कंपनीत नकोत, असं मूर्तींचं तत्त्व. सुधाताई बाजूला झाल्या. तो निर्णय चुकीचा होता, हे मूर्तींनी जाहीरपणे कबूल केलं ते २०२४ मध्ये.

आपल्या ऊर्जानगरात कुणी वीज केंद्रात नोकरी करते, कुणी शाळेत शिकवते, कुणी घरी शिवणकाम करते. घरात कुणी धंदा काढायचं म्हटलं की पहिला दागिना मोडतो तो आपलाच. जरूर द्या! विश्वासावाचून संसार नाही की धंदा नाही. पण तीन गोष्टी लक्षात असू द्या. सगळी शिल्लक देऊ नका. ते २५० रुपये विसरू नका. घर किती दिवस एकटीनं ओढायचं, ते आधी ठरवा. आणि पैसा व कष्ट दोन्ही तुमचे असतील, तर भागीदारीच्या कागदावर तुमचंही नाव घालायला सांगा.

प्रेमाची वही खुशाल फाडा, धंद्याची मात्र जपून ठेवा!