थंडीत मासा कुठे जातो?

मैत्रिणींनो, बचत गटाचं काम करताना एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. हप्ता थकला की आधी माणसाच्या नियतीवर शंका घ्यायची नाही. आधी त्या घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो ते विचारायचं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. मालवणच्या दक्षिणेला समुद्राकाठी एक वाडी आहे. तिथल्या आमच्या गटात चौदा जणी. बहुतेक सगळ्या मासे विकणाऱ्या. त्यातल्या एकीचा, तिला आपण सुलभा म्हणू, डिसेंबरचा हप्ता आला नाही. जानेवारीचाही नाही. मीटिंगमध्ये कुजबूज सुरू झाली. "नवरा ट्रॉलरवर कामाला, पैसे पाठवत असणारच," एक म्हणाली. "नियम म्हणजे नियम," दुसरी म्हणाली. खरं सांगते, दंड लावायच्या बाजूने मीही होते. रजिस्टरमध्ये लाल शाईने नोंदसुद्धा केली होती.

सुलभा एवढंच म्हणाली, "ताईनू, हप्तो बुडवूचो नाय माका. पन थंडीत दर्यात काय गावना नाय."

मी घाटावरची. लग्न होऊन या बाजूला आले त्याला वीस वर्षं झाली. मासे खायला शिकले, निवडायला शिकले, पण समुद्राचं वर्ष मला कधी कळलंच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच हिशोब होता, की पावसाळ्यात मासेमारी बंद आणि नारळी पौर्णिमेनंतर चालू. यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, हे आपल्याला पेपरमुळे ठाऊक असतं. पण चालू झालेला हंगामही बाराही महिने सारखा नसतो. पाऊस संपता संपता बांगडे, तारल्यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात. तेव्हा टोपल्या भरतात. थंडी पडली की हे थवे कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. छोट्या होडीवाल्याचं जाळं दोन-दोन दिवस रिकामं येतं. मग घरात सुके बांगडे, सुकट आणि उधारी.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ओट्यावर तिचे सासरे बसले होते. वाडीत सगळे त्यांना आबा म्हणतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. हातात तंगूस होता आणि बोटांनी चाचपत ते गळ बांधत होते. चाचपत अशासाठी, की त्यांना काचबिंदू झालाय. एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने थोडं अंधूक दिसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून दृष्टी परत मिळते, पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली फक्त सांभाळायची. (तुमच्या घरात कुणाला हा त्रास असेल तर चाळिशीनंतर डोळे तपासून घ्या, हे जाता जाता सांगते.)

मी सहज विचारलं, "आबा, थंडीत मासा जातो तरी कुठे?"

ते हसले. "मासो खंय जाता? घराकच असता. थंडी पडली की तुमी गोधडीत शिरतास, तसो तो बिळात शिरता."

ती बिळं म्हणजे खडपातली. पाण्याखाली जे खडक पसरलेले असतात त्यांना इकडे खडप म्हणतात. मालवणचा किनारा अशा खडपांनी भरलेला आहे. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या आजूबाजूला पाण्यात प्रवाळही आहे. वाळूचा तळ म्हणजे मोकळं माळरान, आणि खडप म्हणजे गजबजलेली चाळ. कपारीत शेवंडं, भोकात गोबरे, कडेला तांबोशी. मासा थंड रक्ताचा. पाणी थोडं जरी गार झालं तरी त्याची हालचाल मंदावते, भूक कमी होते. आपल्याकडचं पाणी काही बर्फासारखं होत नाही, पण तेवढा फरकही त्याला पुरतो. थव्याने फिरणारे मासे जागा बदलतात. खडपातले मासे मात्र आपल्या कपारीजवळच राहतात, फक्त भक्ष्यामागे लांब धावत नाहीत.

म्हणजे थंडीत मासा आपल्याकडे येत नाही, आपणच त्याच्या दाराशी जायचं. आणि हे दार कुठे आहे ते पाण्यावरून दिसत नाही.

"मग तुम्हाला कसं कळतं?" मी विचारलं.

"माका आता कळना नाय," आबा म्हणाले आणि सुनेकडे तोंड केलं. "हिका इचारा."

तेव्हा मला कळलं, की गेले दोन महिने सुलभा सासऱ्यांबरोबर होडीत जात होती. वाडीत त्यावरून बोलणीही होत होती. बाईमाणसाने मासे विकावेत, सुकवावेत, ओहोटीला खडकावर कालवं काढावीत, तिथपर्यंत ठीक. होडीत बसून गरवायला जायचं म्हणजे काय? सासूबाईंनीही आधी विरोध केला. पण मुलगा दूरच्या बंदरात ट्रॉलरवर आणि त्याचा पगार दोन महिने अडकलेला. आबांना सगळं ठाऊक, पण दिसत नाही. सुलभाला दिसतं, पण ठाऊक काही नाही.

"आबांचे हात नि माजे डोळे," ती म्हणाली. "दोगां मिळान एक मानूस."

मी हट्टच धरला, मलाही एकदा न्या. आबांनी तिथी विचारली. समुद्रकाठचं हे गणित तुम्हीही लक्षात ठेवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी पाचच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप मागे जातं. ते दिवस कालवं काढायचे. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा पाण्याला ओढ कमी. ते दिवस होडीने खडपावर जायचे. नवमी ठरली. नवाची पाऊणपट पावणेसात.

पहाटे मतलई वारा सुटला होता. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, अंगात शिरणारा. मी शाल घट्ट लपेटली. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय सुलभाने मला होडीत पाय ठेवू दिला नाही. होडी लहान, बाजूला उलांडी लावलेली. आबा मागे बसले, सुलभा किनाऱ्याकडे तोंड करून.

मग त्या दोघांचं बोलणं सुरू झालं. देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत आला का? अजून थोडा उजवीकडे. आता? आता आला. आणि दुसऱ्या बाजूचा उंच माड? तो टेकडीच्या टोकाला लागला का? लागला! "सोड नांगर," आबा म्हणाले. दोन सरळ रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खाली खडप. ना यंत्र, ना नकाशा. शिशाचं वजन दोरीला बांधून आबांनी खाली सोडलं. वाळूवर वजन मऊ बसतं, खडकावर टणक लागतं, ते त्यांच्या बोटांना कळतं. नांगर मुद्दाम थोडा अलीकडे टाकला होता, म्हणजे होडी सरकत खडपाच्या बरोबर कडेवर येऊन थांबली. मासा खडकाच्या माथ्यावर नसतो, तो कडेला आणि कपारीत असतो.

गळाला कोळंबीचे लहान तुकडे लावले. थंडीत पाणी स्वच्छ असतं, माशाला दोरी दिसते, म्हणून तंगूस बारीक. आमिष तळाशी सोडून स्वस्थ बसायचं. सारखं ओढायचं नाही.

पाऊण तास झाला. काही नाही. माझे पाय गारठले. मला वाटलं, हेच ते "गावना नाय". आबा म्हणाले, पाणी उभं आहे, ते चालू लागू दे. भरती पुरी होऊन ओहोटी लागायच्या मधला तो वेळ. साडेसातच्या सुमारास होडीने हलकेच तोंड फिरवलं आणि पाचच मिनिटांत सुलभाच्या हातातली दोरी ताणली गेली. लालसर, चमकणारी तांबोशी! नंतर आणखी एक. मग आबांना एक गोबरा, आणि एक अगदी लहान गोबरा. तो लहान त्यांनी हाताने मापला आणि पाण्यात सोडून दिला.

मला हळहळ वाटली. एवढ्या मुश्किलीने मिळालेला! पण गोबरा सावकाश वाढतो. शिवाय तो आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. लहान काढले तर पिल्लं कुठून येणार, आणि सगळे मोठेच काढले तर नर कुठून येणार? आबांनी पुस्तक वाचलेलं नाही, पण त्यांचा नियम आहे. एका खडपावर लागोपाठ दोन दिवस जायचं नाही, आणि अंड्यांवरची शेवंड ठेवायची नाही.

खडपावर ट्रॉलरचं जाळं अडकून फाटतं, म्हणून मोठ्या बोटी तिथे सहसा ओढत नाहीत. त्यामुळे छोट्या होडीवाल्याची ही शिल्लक अजून उरली आहे. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली. तरी रात्री लांबवर झगमगाट दिसतो, असं वाडीतल्या बायका सांगतात. फाटलेली जाळी खडपात अडकून राहतात आणि त्यात मासे फुकट मरतात, ते वेगळंच.

त्या दिवशीच्या माशांतून सुलभाचा एक हप्ता भागला. तांबोशीचं डोकं तिने घरी ठेवलं, कढीसाठी. मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढच्या मीटिंगला मी ती लाल शाईची नोंद खोडली आणि सगळ्यांची माफी मागितली. मग आम्ही वर्षाचा हिशोब मांडला. कोणत्या महिन्यात कुणाकडे किती पैसा येतो, हे चौदा जणींनी आपल्या तोंडाने सांगितलं. आता आमच्या गटाचा हप्ता सारखा नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर मोठा, थंडीत आणि पावसाळ्यात छोटा. वर्षाची बेरीज तीच. त्यानंतर एकही हप्ता थकलेला नाही. शेतीवरच्या गटांनी, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गटांनीही हे करून बघावं.

दुसरं काम सुलभाने हाती घेतलं. सातवीपर्यंत शिकलेली ती. तिने दोनशे पानी वही आणली आणि आबांच्या खुणा लिहायला बसली. एकेक खडप, त्याचं नाव, कोणता कळस, कोणता माड, कोणत्या तिथीला. आबा आधी तयार नव्हते. या खुणा बापाकडून मुलाकडे जायच्या, सुनेकडे कधी गेल्या नव्हत्या. पण मुलगा ट्रॉलरवर. शेवटी तेच म्हणाले, माझ्याबरोबर त्या चितेवर जाण्यापेक्षा सुनेच्या वहीत राहू देत.

आतापर्यंत सतरा खडपं लिहून झालीत. त्यातला एक माड गेल्या पावसात पडला, तिथे सुलभाने नवी खूण शोधून काढली आहे.

मी या सदरात लिहिणार म्हटल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. "ताईनू, लिवा सगळा," ते म्हणाले, "पन खुणा तेवढ्यो छापू नकात हां."

म्हणून वाडीचं नाव लिहिलेलं नाही. समजून घ्याल ना?