ताटातले पाणी, कापडातले पाणी : बडोद्याच्या वर्गातून वॉटर फूटप्रिंट

वॉटर फूटप्रिंट म्हणजे एखादी वस्तू शेतातून किंवा कारखान्यातून निघून वापरणाऱ्याच्या हाती येईपर्यंत तिच्यापायी खर्ची पडलेले आणि घाण झालेले एकूण गोडे पाणी. मराठीत कोणी याला जलपदचिन्ह म्हणतात, कोणी पाण्याची पाऊलखूण. कल्पनेचे मूळ लंडनचे भूगोलतज्ज्ञ टोनी ॲलन यांच्या मांडणीत आहे. मध्यपूर्वेतल्या कोरड्या देशांचे पाण्यावाचून अडत का नाही, या प्रश्नाच्या मागे लागताना 1990 नंतरच्या काही वर्षांत त्यांनी दाखवून दिले की हे देश धान्याच्या पोत्यांतून पाणीच आयात करत असतात. या 'आभासी पाण्या'च्या विचाराबद्दल त्यांना 2008 साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. नेदरलँड्सचे आर्येन हुकस्ट्रा यांनी 2002 मध्ये त्याला हिशेबाची शिस्त दिली आणि मेस्फिन मेकोनेन यांच्याबरोबर देशोदेशींच्या पिकांची व मालाची कोष्टके तयार केली. जगभरच्या शाळांत आज जे आकडे वापरले जातात, ते बहुतेक याच कोष्टकांतले, 1996 ते 2005 या काळाच्या सरासरीचे आहेत.

हुकस्ट्रा यांनी पाण्याला तीन रंग दिले. नदी, तलाव, विहीर, कालवा यांतून उचललेले पाणी निळे. पावसाचे जमिनीत मुरलेले आणि पिकाने मुळांनी ओढून घेतलेले पाणी हिरवे. सांडपाणी नियमात बसेल इतके पातळ करायला जेवढे स्वच्छ पाणी लागेल, ते करडे. यातले करडे पाणी प्रत्यक्षात कुठे साठवलेले नसते. तो हिशेबापुरता काढलेला आकडा आहे, आणि मुलांचा गोंधळ नेमका इथेच होतो. जगाच्या एकूण फूटप्रिंटमध्ये हिरव्याचा वाटा 74 टक्के, निळ्याचा 11 आणि करड्याचा 15. शेती एकटीच 92 टक्के घेऊन जाते. म्हणजे दात घासताना नळ बंद करा, एवढ्यावर पाण्याचा धडा आटोपला तर नव्वद टक्क्यांहून अधिक विषय शिकवायचा राहूनच जातो.

तिन्ही रंग दाखवायला बडोद्याइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. निळ्या पाण्याची तर तिथे चार शतकांहून अधिक काळाची मालिकाच आहे. शहराच्या पश्चिमेला सेवासी गावात 1543 साली बांधलेली वाव आहे. महाराष्ट्रात जिला बारव म्हणतात तीच गुजरातेत वाव. पायऱ्या उतरत जायचे आणि पाणी किती खाली गेले ते स्वतःच्या पायांनी मोजायचे. पाटणची राणीची वाव 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली आणि 2018 पासून शंभराच्या नोटेवर आहे, त्यामुळे मुलांना ही वास्तू खिशातून ओळखीची असते. वावेनंतर येते आजवा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1890 च्या सुमारास शहरापासून काही कोसांवर सूर्या नदीच्या खोऱ्यात मातीचे लांबलचक धरण घालून सयाजी सरोवर, म्हणजेच आजवा, बांधले. तेव्हा बडोद्याची वस्ती लाखाच्या थोडी वर होती; योजना आखली ती तीन लाखांसाठी. पाणी उतारानेच शहरात यावे अशी तिची आखणी होती. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 16 लाखांवर गेली होती. वाढती गरज भागवायला मही नदीच्या पात्रातल्या विहिरी आल्या. रायका, दोडका, फाजलपूर, पोइचा इथल्या या विहिरींना बडोदेकर 'फ्रेंच कूवा' म्हणतात. वाळूखाली आडव्या नळ्या पसरून नदीचे पाणी गाळून घेण्याची ही रीत आहे. पुढे नर्मदेच्या कालव्याचे पाणीही शहराला मिळू लागले. एका नळाला आज धरण, नदीतली विहीर आणि दूरचा कालवा असे तीन उगम आहेत, आणि आपल्या मोहल्ल्यात कुठले पाणी येते हे शोधून काढणे हा सहावी-सातवीच्या मुलांसाठी उत्तम गृहपाठ आहे.

हिरव्या पाण्यासाठी शहराबाहेर दक्षिणेकडे जावे लागते. करजणच्या बाजूला कानम नावाचा काळ्या मातीचा पट्टा सुरू होतो. ही जुनी कापसाची भूमी. काळी माती पावसाळ्यात प्यायलेले पाणी दिवाळीनंतरही धरून ठेवते आणि कपाशी त्यावर तग धरते. ते पाणी कुठल्याही मीटरवर येत नाही. करड्या पाण्याचा धडा शहराच्या उत्तरेला आहे. खतकारखाना, कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि नंदेसरीची रसायन वसाहत यांच्यामागे सुमारे 55 किलोमीटर लांबीचा सांडपाण्याचा कालवा बांधावा लागला. 1980 च्या दशकापासून तो उद्योगांचे प्रक्रिया केलेले पाणी खंभातच्या आखाताकडे नेतो. करडे पाणी म्हणजे काय, हे कुठल्याही व्याख्येपेक्षा या कालव्याची लांबी चटकन सांगून जाते.

आता ताटाचा हिशेब. जागतिक सरासरीने किलोभर गव्हाच्या पिठामागे सुमारे 1,850 लिटर पाणी असते, तांदळामागे 2,500, डाळी-कडधान्यांमागे 4,055, साखरेमागे 1,780, दुधामागे 1,020, बटाट्यामागे 287. बडोद्यातल्या एखाद्या मुलाने दिवसभरात 200 ग्रॅम पिठाच्या पोळ्या, 100 ग्रॅम तांदळाचा भात, 50 ग्रॅम डाळ, 150 ग्रॅम बटाट्याची भाजी, पाव लिटर दूध आणि 20 ग्रॅम साखर एवढे खाल्ले, तर बेरीज साडेअकराशे लिटरांच्या आसपास जाते. तेल, भाजीपाला आणि फरसाण अजून धरलेलेच नाही. शहरी पाणीपुरवठ्याचे भारतातले प्रमाण माणशी दिवसाला 135 लिटर आहे. ताटातले पाणी बादलीतल्या पाण्याच्या आठपटीहून अधिक निघते.

चहाचे उदाहरण मुलांना विशेष आवडते, कारण त्यातले उत्तर अनपेक्षित असते. कपभर चहाच्या तीन ग्रॅम पत्तीमागे 27 लिटर पाणी असते. पण गुजराती घरातल्या चहात शंभर मिलिलिटर दूध आणि दहा ग्रॅम साखर पडली की दुधाचे 102 आणि साखरेचे 18 लिटर त्यात मिळतात. चहातले बहुतेक पाणी चहाच्या मळ्यातले नसते, गोठ्याकडे चाऱ्यातून आलेले असते.

कापडाचे आकडे त्याहून मोठे. पाव किलोच्या सुती शर्टामागे जागतिक सरासरीने सुमारे 2,500 लिटर पाणी आहे. भारतीय कापसाचा आकडा या सरासरीच्या दुपटीहून अधिक येतो, कारण एकरी उतारा कमी आहे. मात्र इथे शिक्षकाने थांबून गणवेशाच्या आतली पट्टी वाचायला लावावी. बहुतेक गणवेश टेरिकॉटचे असतात. अर्धाअधिक धागा पेट्रोलियमपासून बनलेला असताना सुती शर्टाचा आकडा त्यावर चिकटवणे चुकीचे ठरते, आणि आकडा वापरण्याआधी वस्तू कशाची आहे हे पाहावे, ही सवय या एका पट्टीवरून लागते.

एकट्या वर्गाने हा हिशेब केला तर तो गणिताचा तास होतो. दुसऱ्या देशातला वर्ग त्यात आला की विषयाला अर्थ येतो, कारण फूटप्रिंट मुळातच सीमा ओलांडणारी गोष्ट आहे. बडोदे आणि नेदरलँड्समधले एखादे गाव अशी जोडी कल्पिली तर हे चांगले उमगते. डच माणूस घरात दिवसाला 130 लिटरांच्या आसपास पाणी वापरतो, म्हणजे भारतीय प्रमाणाइतकेच. नळाच्या तक्त्यावर दोन्ही वर्ग बरोबरीत येतात. पण वर्षाचा एकूण फूटप्रिंट मांडला की भारतीयाचा 1,089 घनमीटर भरतो, डच माणसाचा 1,466, अमेरिकनाचा 2,842, आणि जगाची सरासरी 1,385. त्याहून बोलका फरक पुढेच आहे. नेदरलँड्सच्या फूटप्रिंटचा 95 टक्के भाग देशाबाहेर पडतो. कोको, कॉफी, सोयाबीन, कापूस यांचे पाणी दुसऱ्यांच्या पावसातून आणि विहिरींतून येते. भारताचा बाहेरचा भाग तीन टक्क्यांच्या आसपास. बराच भाग समुद्रसपाटीखाली असलेल्या, पाणी बाहेर ढकलण्यासाठी शतकानुशतके पवनचक्क्या चालवलेल्या देशाला बाहेरून पाणी आणावे लागते, ही गोष्ट दोन्हीकडच्या मुलांना चकित करते. बडोद्याच्या मुलांना तिची दुसरी बाजू दिसते : आपण जे खातो-लेतो त्याचा जवळपास सगळा भार आपल्याच भूजलावर आणि आपल्याच पावसावर आहे.

अशा देवाणघेवाणीची यंत्रणा नवी नाही. न्यूयॉर्क आणि मॉस्को इथल्या शाळांना जोडून 1988 साली सुरू झालेले आयअर्न हे जाळे आज शंभराहून अधिक देशांत चालते आणि त्यात भारतीय शाळा आहेत. पृथ्वीवरची हवा-पाणी-माती मुलांनी मोजावी आणि नोंदी एका ठिकाणी जमा कराव्यात, या कल्पनेवरचा ग्लोब कार्यक्रम अमेरिकेत 1995 साली सुरू झाला; भारत त्यात 2000 साली सामील झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाने स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठाबरोबर कार्बन फूटप्रिंटवर असाच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी उपक्रम चालवला. त्यात वर्गांनी आपापले आकडे मांडायचे आणि फरकाची कारणे एकमेकांना विचारायची असत. बडोद्याला या पद्धतीचे वावडे असण्याचे कारण नाही. सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात आणणाऱ्या सयाजीरावांनी ग्रंथालयांच्या उभारणीसाठी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले होते. पुढे पेट्यांत भरलेली पुस्तके गावोगाव फिरू लागली.

व्यवहारात अडचणी बारीकसारीक असतात. बडोद्याची घड्याळे हिवाळ्यात नेदरलँड्सच्या साडेचार तास पुढे असतात, त्यामुळे सकाळच्या शाळेला थेट संवाद जमत नाही. दुपारच्या शाळेला जमतो. इकडे दिवाळीची सुट्टी, तिकडे नाताळची, इकडे मे महिना, तिकडे जुलै-ऑगस्ट. दोन्ही वर्ग एकाच वेळी शाळेत असतील असे सलग आठवडे फारच थोडे उरतात. म्हणून असे प्रकल्प पत्रे, तक्ते आणि छायाचित्रे यांवर अधिक चालतात, व्हिडिओ कॉलवर कमी. ते बरेच आहे. पत्र लिहिताना विचार करायला उसंत मिळते.

मोठी अडचण साधनांची आहे. वॉटर फूटप्रिंट नेटवर्कचा झटपट कॅल्क्युलेटर देश, लिंग, आहाराचा प्रकार आणि वार्षिक उत्पन्न एवढेच विचारतो. भर वर्गात घरचे उत्पन्न सांगायची वेळ मुलावर येऊ नये, हे उघड आहे. शिवाय उत्तरात त्या मुलाचे असे काहीच नसते. देशाची सरासरी उत्पन्नाप्रमाणे ताणलेली असते. त्याऐवजी एका आठवड्याची खाण्याची वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा अधिक शिकवतात.

दुसरी अडचण नाजूक आहे. गोमांसाचा आकडा किलोमागे 15,400 लिटर आहे, तो फळ्यावर आला की शाकाहारी घरांतल्या मुलांना परीक्षेशिवाय पहिला नंबर मिळाल्यासारखे वाटते. शिक्षकाने लगेच पुढची ओळ दाखवावी : लोण्याचा आकडा 5,550 लिटर आहे, आणि डाळींचा 4,055 हा कोंबडीच्या 4,325 ला जवळपास भिडतो. तरीही प्रथिनाच्या ग्रॅममागे हिशेब केला तर डाळीला 19 लिटर लागतात, दुधाला 31, कोंबडीला 34 आणि गोमांसाला 112. किलो आणि प्रथिने या दोन मापांनी क्रम बदलतो, हे पाहिल्यावर वाद धर्माकडून गणिताकडे वळतो.

तिसरी गोष्ट तज्ज्ञांतच वादाची आहे. एक लिटर म्हणजे एक लिटर, मग तो मुसळधार पावसाच्या कोकणातला असो की कच्छमधला, असे मानून केलेली बेरीज कितपत खरी? 2014 च्या आयएसओ 14046 या मानकाने म्हणूनच त्या-त्या जागची टंचाई लक्षात घ्यायला सांगितले. बडोद्याच्या मुलांना हे समजावण्यासाठी लांब जायला नको. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि 31 जुलै 2019 रोजी चोवीस तासांत जवळपास 500 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, तसेच ऑगस्ट 2024 च्या पुरात, तिचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले. गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या मुलाला टंचाई समजावून सांगताना वेळ आणि जागा यांचा उल्लेख टाळून चालत नाही. फूटप्रिंट पूर मोजत नाही.

या सगळ्या हिशेबातून मुलांच्या मनात अपराधाची भावना तेवढी उरण्याचा धोका असतो. त्यावरचा एक उतारा गुजरातेतच निघाला. अहमदाबादच्या सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन या 1984 साली स्थापन झालेल्या संस्थेने नोव्हेंबर 2007 मध्ये पर्यावरण शिक्षणाची चौथी आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. पावलाचा ठसा नुकसान दाखवतो तर हाताचा ठसा केलेले काम दाखवेल, अशी 'हँडप्रिंट'ची कल्पना तिथे मांडली गेली आणि पुढे ती बऱ्याच देशांत पोचली. वॉटर फूटप्रिंटच्या प्रकल्पात तिला जागा द्यायची तर वर्गाने मोजता येईल अशी एकच गोष्ट निवडावी : शाळेच्या गच्चीवरचे पावसाचे पाणी, गळके नळ, किंवा डब्यातले उरलेले अन्न. शंभर ग्रॅम तांदळाचा भात टाकला तर अडीचशे लिटर पाणी गेले, हे आता मुलांना सांगावे लागत नाही.

बडोद्यात असा प्रकल्प घ्यायचा तर तो जूनमध्ये, शाळा उघडताच सुरू करणे सोयीचे पडते. पावसाळ्यात आजव्याची पातळी आणि विश्वामित्रीचे पाणी वर्तमानपत्रांत नेमाने छापून येते. दिवाळीपर्यंत कानमातल्या कपाशीची बोंडे फुटू लागतात. परदेशी वर्गाला पाठवायचे पहिले पत्र तोवर तयार असते, आणि त्यात कॅल्क्युलेटरचा एकही आकडा असायची गरज नाही.