विश्लेषण : माळ्यावरचे हातमशीन, टकळी, क्रोशाच्या सुया... घर रिकामे करताना भंगारात देण्याआधी काय तपासावे?

ठाण्यातील नौपाडा, चरई आणि डोंबिवलीच्या पूर्व-पश्चिम भागांतील जुन्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करायचे म्हटले, की माळा उतरवावा लागतो आणि तिथे हमखास काही वस्तू सापडतात. काळ्या रंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेले शिवणाचे हातमशीन, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात क्रोशाच्या सुया, भरतकामाची लाकडी रिंग, एखादी पितळी चकतीची टकळी. भाड्याच्या घरात जागा नसते, नव्या फ्लॅटला माळा नसतो. मग मशीन किलोवर जाते. टकळीचे तर वजनच भरत नाही. ही अवजारे नेमकी कोणती, किती जुनी आणि त्यांचे आज काही करता येते का?

ही अवजारे इथे कुठून आली?

कापडाशी ठाण्याचे नाते फार जुने. तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याने ठाण्याच्या बंदरातून होणाऱ्या कापूस आणि कापडाच्या व्यापाराची नोंद केली आहे. १९२५ मध्ये ठाण्यात रेमंडची लोकरी कापडाची गिरणी सुरू झाली. पलीकडे भिवंडीत हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि फाळणीनंतर वसलेल्या उल्हासनगरात घरोघरी शिलाईचा धंदा उभा राहिला.

माळ्यावरच्या वस्तूंचा उगम मात्र बहुतेक वेळा कारखान्यात नसून लग्नात असतो. गिरगाव-दादरच्या चाळींतून डोंबिवलीत राहायला आलेल्या कुटुंबांत रुखवतासाठी क्रोशाचे रुमाल, मण्यांचे तोरण, भरतकामाचे अभ्रे करण्याची पद्धत होती. सासरी जाताना सुयांचा डबा सोबत जाई. पुढे नोकरीला लागलेल्या बायकांनी त्याच सुया लोकलच्या महिला डब्यात चालवल्या. कल्याण ते सीएसएमटी या प्रवासात एका स्वेटरचे बरेच टाके होतात!

हातमशीनचे वय कसे ओळखायचे?

सर्वाधिक सापडणारे मशीन सिंगरचे. आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले. भारतात आलेली बरीच यंत्रे मात्र स्कॉटलंडमधील ग्लासगोजवळच्या क्लाइडबँक कारखान्यातली आहेत. कंपनीचा भारतातील कारभार अनेक वर्षे मुंबईतील पारशी व्यावसायिक नसरवानजी मेरवानजी पटेल यांच्याकडे होता. हप्त्याने विक्री हे कंपनीचे मोठे हत्यार होते. देशी पर्याय नंतर आला. कोलकात्यात १९३५ मध्ये ‘उषा’चे पहिले मशीन तयार झाले.

वय सांगणारा पुरावा मशीनवरच कोरलेला असतो. हँडल उजव्या हाताला येईल असे मशीन समोर ठेवावे. उभ्या खांबाच्या पायथ्याशी, तळपट्टीच्या उजव्या बाजूला एक क्रमांक दिसतो. धुळीने भरला असेल तर ओल्या कापडाने पुसून टॉर्च तिरपी धरावी. नुसते आकडे असतील, तर ते सिंगर १९०० पूर्वीचे. आकड्यांआधी एक इंग्रजी अक्षर असेल, तर १९०० नंतरचे. ‘ई’ने सुरू होणारी दोन अक्षरे असतील, तर क्लाइडबँकचे, १९३५ किंवा त्यानंतरचे. नेमके वर्ष त्या क्रमांकांच्या प्रसिद्ध यादीत सापडते. फक्त एक लक्षात ठेवावे. क्रमांक गठ्ठ्याने दिले जात, त्यामुळे यादीतील तारीख ही त्या गठ्ठ्याची असते; मशीन प्रत्यक्षात काही महिन्यांनी बाहेर पडलेले असू शकते.

दुसरी खूण सुईखालची पट्टी सरकवल्यावर दिसते. आत बंदुकीच्या गोळीसारखे लांबट शटल असेल, तर ते सिंगरच्या २७-२८ क्रमांकाच्या मॉडेलचे कुटुंब. सुई खाली जाऊन किंचित वर उचलली, की दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो. त्या फाशातून हे शटल होडीसारखे पार होते आणि खालचा दोरा वरच्यात अडकतो. ‘लॉकस्टिच’ म्हणतात ती हीच. आजच्या मशीनमध्ये शटलऐवजी गोल हुक फिरतो, टाका तोच. लांब शटलमध्ये नेहमीची गोल बॉबिन बसत नाही. त्यामुळे शटल आणि त्यातली काडीसारखी बॉबिन हरवली, तर मशीन शोभेचे उरते. भंगारवाल्याच्या हाती देण्याआधी डब्याचा कोपरान् कोपरा तपासण्याचे कारण एवढेच. सुईची चिंता नको. या मॉडेलना आजची घरगुती शिवणयंत्राची सुई चालते.

‘लाल पाऱ्या’साठी लाखो रुपये मिळतात, हे खरे आहे का?

नाही. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा पसरली, की जुन्या सिंगर मशीनच्या सुईत ‘लाल पारा’ असतो. मोबाइल सुईजवळ नेल्यावर फोन बंद पडला तर पारा आहे, अशी ‘चाचणी’ही सांगितली गेली. लोकांनी मशीनसाठी हजारो रियाल मोजले. भारतात हीच कथा जुन्या टीव्ही आणि रेडिओंबाबत फिरली. मशीनमध्ये बीड आणि पोलाद असते. पाऱ्याचे लाल संयुग म्हणजे हिंगूळ; ते कोणत्याही शिवणयंत्रात वापरले जात नव्हते. कोणी आगाऊ ‘तपासणी शुल्क’ मागत असेल, तर दार लावून घ्यावे.

टकळी आणि पेटीचरखा यांचे मोल कशात?

टकळी म्हणजे एक बारीक सळई, खाली चकती आणि वर छोटा आकडा. चकती वजन देते, त्यामुळे एकदा दिलेली गिरकी टिकते आणि पेळूतून ओढलेल्या तंतूंना पीळ बसतो. महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९३७ मध्ये वर्ध्यात झालेल्या शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योगाच्या शाळांत सूतकताई आली. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या अनेकांच्या दप्तरात टकळी होती, ती यामुळे.

चरख्याचा इतिहास तर थेट अभियांत्रिकी स्पर्धेचा आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अट अशी, की यंत्र भारतात बनावे, किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी, ते २० वर्षे टिकावे आणि घरातील बाईला न दमता आठ तास चालवता येऊन त्यावर १६ हजार फूट सूत निघावे. हे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. त्याच सुमारास, १९३० मध्ये येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी घडीच्या चरख्यावर काम केले. तोच ‘येरवडा चक्र’ किंवा पेटीचरखा.

तो उघडला, की दोन चाके दिसतात. मोठे चाक हाताने फिरते, त्याची माळ धाकट्या चाकाच्या छोट्या कप्पीवर आणि धाकट्या चाकाची माळ चातीवर. समजा, पहिल्या टप्प्यात वेग चौपट होतो आणि दुसऱ्यात वीसपट, तर हँडलच्या एका फेऱ्यात चाती ८० वेळा फिरते. मोठ्या उभ्या चरख्याचे काम पुस्तकाएवढ्या पेटीत बसते ते यामुळे. गांधीजींनी येरवड्यात वापरलेला आणि नंतर एका अमेरिकन मिशनऱ्याला भेट दिलेला असा चरखा २०१३ मध्ये ब्रिटनमधील लिलावात एक लाख १० हजार पौंडांना गेला. अर्थात ती किंमत चरख्याची नव्हे, हाताची होती. घरच्या पेटीचरख्याला असा भाव येणार नाही. पण चाती सरळ असेल आणि माळ नवी घातली, तर त्यावर आजही सूत निघते. चरख्यांची वेगवेगळी रूपे वर्ध्याच्या मगन संग्रहालयात एकत्र पाहता येतात. ठाणे-डोंबिवलीकरांना जवळचे म्हणजे मुंबईतील मणिभवन.

जुन्या १० नंबरच्या सुया इंटरनेटवरच्या नमुन्याला का चालत नाहीत?

विणकाम नव्याने शिकणारे इथे हमखास फसतात. आजीच्या सुयांवर कोरलेला नंबर ब्रिटिश पद्धतीचा असतो. त्यात नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर ३.२५, तर १४ नंबर फक्त २ मिलिमीटर. अमेरिकी पद्धत नेमकी उलटी. तिथे १० नंबरची सुई ६ मिलिमीटरची. परदेशी व्हिडीओ पाहून आजीच्या १० नंबरवर स्वेटर घातला, तर तो बाळाच्या मापाचा आणि पुठ्ठ्यासारखा घट्ट होणार. उपाय सोपा आहे. नंबर विसरून व्हर्निअर कॅलिपरने जाडी मोजावी आणि मिलिमीटरमध्येच बोलावे.

क्रोशाच्या जुन्या पोलादी सुया बारीक दोऱ्यासाठी असतात, लोकरीसाठी नव्हे. त्या टाकाऊ नाहीत. विणकामाची यंत्रे आहेत, पण हाताच्या क्रोशाचा टाका जसाच्या तसा घालणारे यंत्र व्यापारी उत्पादनात आलेले नाही. दुकानातला खरा क्रोशाचा रुमाल कोणाच्या तरी हातचाच असतो.

आरी पुन्हा कशी आली?

लाकडी मुठीची, टोकाला बारीक आकडा असलेली आरी मूळची कच्छच्या मोची समाजाची. चामडे टोचण्याच्या अवजारापासून आलेली. ताणलेल्या कापडावर वरून आरी टोचायची, खालचा दोरा आकड्यात धरून वर ओढायचा, की साखळीटाका. हुकाच्या सुईने घालायचा हाच टाका युरोपातही लोकप्रिय झाला. फ्रान्समध्ये १८३० मध्ये बार्थेलेमी थिमोनिए याने पेटंट घेतलेले शिवणयंत्र त्याचीच नक्कल होती. पुढच्याच वर्षी पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांनी त्याचा कारखाना फोडला. आज आरीवर्कच्या ब्लाऊजला लग्नसराईत मागणी आहे आणि त्याचे वर्ग ठाणे-डोंबिवलीतही चालतात. माळ्यावर आरी सापडली, तर मूठ तपासून आकडा गंजलेला नसल्याची खात्री करावी. ती लगेच कामाला लागू शकते.

परदेशातील मुलांकडे न्यायचे असेल तर?

इथे कायदा पाहावा लागतो. पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुनी, गतकाळातील कला-कारागिरी दाखवणारी वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मशीनवरचा क्रमांक इथे कामी येतो. दोन अक्षरांचे १९३५ नंतरचे मशीन या मर्यादेत येत नाही. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घेता येते. सुयांची डबी किंवा शटल हस्तिदंताचे असेल, तर विकण्याचा विचारच करू नये. देशात हस्तिदंताचा व्यापार बेकायदा आहे.

साफ कशी करावीत?

अतिउत्साहात इथेच जास्त नुकसान होते. सोनेरी नक्षीवर लाखेचा पातळ थर असतो, तो स्पिरिट किंवा सॅनिटायझरने विरघळतो आणि एका हातात नक्षी निघून येते. ओल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल घालू नये. ते काही महिन्यांत चिकट होऊन सांधे धरते. शिवणयंत्राचेच पातळ तेल प्रत्येक छिद्रात एकेक थेंब सोडून रात्रभर ठेवावे. अडकलेले चाक जोर लावून फिरवण्याआधी शटलच्या खोबणीत पाहावे. बऱ्याचदा तिथे जुन्या दोऱ्याचा गुंता असतो, चिमट्याने तो काढला की मशीन चालू लागते.