कडुनिंबाचा पाला आणि पेटंटचा हक्क

शालू व शाली ठेवावयाच्या ट्रंकेत कडुनिंबाचा सुकविलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे घालण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. धान्याच्या कोठीतही तोच पाला आम्ही थरोथर पसरीत आलो. असे असता गेल्या वर्षी सुलतान बाजारातील आमच्या एका कापडविक्रेत्या स्नेह्यांकडे एक गृहस्थ आले आणि "निंब-वेखंडाच्या पुरचुंड्या विकणे बंद करा, त्याचे पेटंट आमचे आहे," असे बजावून गेले. स्नेह्यांनी घाबरून सर्व माल परत केला. त्या पुरचुंड्या शिवून दोन भगिनी आपला चरितार्थ चालवीत असत. हे भय साधार होते काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

निंबाविषयीचा युरोपातील वाद व्यापाऱ्यांनी जाणून घेण्याजोगा आहे. निंबाच्या तेलाने वनस्पतींवरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने 1994 मध्ये अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना दिले. डॉ. वंदना शिवा प्रभृतींनी 1995 मध्ये त्यास हरकत घेतली. आता, 'आमच्या आजीला हे ठाऊक होते' एवढ्यावर अशा ठिकाणी भागत नाही; तारीखवार पुरावा लागतो. तो दिला पुण्याचे उद्योजक श्री. अभय फडके यांनी. पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर 1985 व 1986 मध्येच निंबाच्या अर्काचे प्रयोग झाले होते, अशी त्यांची साक्ष होती. 2000 च्या मे महिन्यात पेटंट रद्द झाले. मार्च 2005 मध्ये अपीलही फेटाळले गेले.

मात्र यावरून निंबाच्या कोणत्याच मालावर पेटंट मिळत नाही, असे समजणे चुकीचे होय. अर्क दीर्घकाळ टिकविण्याची खरोखर नवी कृती कोणी काढली, तर तिचा हक्क त्यास मिळू शकतो. पाला मात्र कोणाचाच नव्हे. आपल्या 1970 च्या कायद्याचे कलम 3(पी) पारंपरिक ज्ञानास पेटंट नाकारते.

तेव्हा कोणी दम दिल्यास प्रथम पेटंटचा क्रमांक लेखी मागावा. नुसता अर्ज केलेला असेल, तर मंजुरीपूर्वी दावा लावता येत नाही. निराधार धमकीविरुद्ध कलम 106 खाली न्यायालयात दाद मागता येते. पेटंट नसताना मालावर तसे छापणे हेही कलम 120 खाली दंडास पात्र आहे.

स्नेह्यांनी उशिरा का होईना, पत्राने क्रमांक विचारला. उत्तर आलेले नाही. पुरचुंड्या पुन्हा दुकानात आल्या आहेत. परंतु त्या दोघींपैकी एकीने तोवर दुसरे काम धरले होते.